हाडाचा कोपरा

लशानला, दादू नदीकडे उतरणाऱ्या बोळात
गोंग हाडवैद्यांचा दवाखाना.
उजवं मनगट रुमालात बांधून मी बाकावर,
नंबर सतरा.
भिंतीवरच्या पडद्यावर नंबर सरकतात
आणि वर ठळक अक्षरांत दवाखान्याचं नाव.

अकराव्या पेशंटचा घोटा अर्ध्यावर सोडून
वैद्य बाहेर आले, तेलाने माखलेल्या हातांनी.
"श्वेझू! हे हाड कुणी निखळवलं?"

पुतणीने काल रात्रीच नवा कॉम्प्युटर बसवला होता,
सिस्टीम इंग्रजीत, फुकटातली.
ती मान वर करून बघत राहिली.
मग तिलाही दिसलं.

मला काही दिसेना.
तेव्हा तिने माझ्याच केसपेपरच्या पाठीवर काढून दाखवलं:
हाड या अक्षरात वर एक चौकट, कवटीएवढी,
खाली मांस,
आणि चौकटीत दडलेला एक बारका कोपरा.
आमच्याकडे तो डावीकडे वळतो, ती म्हणाली,
जपानात उजवीकडे.
मशीनच्या लेखी दोन्ही एकच अक्षर,
एकच आकडा.
कुठल्या गावचं काढायचं ते कुणी सांगितलं नाही,
तर रांगेत पहिला उभा असेल तो फॉन्ट पुढे होतो.
काल पहिला जपानी उभा होता.

"मशीनला डावं-उजवं कळत नाही,"
वैद्य म्हणाले,
आणि घोट्याकडे परतले.
आतून एक किंकाळी,
मग शिवी, मग हसू.

श्वेझूने काळी खिडकी उघडली.
मी आजवर समजत होते
की अक्षर बदलायचं म्हणजे अक्षराला हात लावायचा.
तिने एकाही अक्षराला हात लावला नाही.
फक्त एक फाईल, तिच्यात नावांची उतरंड:
चिनी वर, जपानी त्याखाली,
जाड अक्षरांसाठी वेगळी, बारीकसाठी वेगळी.
एक कंस राहिला.
सगळा पडदा रिकाम्या चौकोनांनी भरला,
जणू दात पाडलेलं तोंड.
बाकावरची माणसं गप्प झाली.
नंबर तेवढे शाबूत होते, म्हणून कुणी उठलं नाही.

"राहू दे ना होतं तसं,"
खिडकीपाशी बसलेले च्येन आजोबा म्हणाले.
तैवानहून मुलाकडे आलेले, नंबर चौदा.
"आमच्या शाळेतही कोपरा उजवीकडेच.
साठ वर्षं तसंच लिहितोय.
माझं काय, सगळं चुकलं?"

पडद्यामागून वैद्यांचा आवाज:
"तुमच्या गावात ते मोडलेलं नाही.
माझ्या दारावर मोडलेलं आहे."

मग चौदा नंबर आत गेला.
म्हाताऱ्याचं कोपर लहानपणी वाकडंच जुळून आलेलं,
वैद्यांनी दाबून पाहिलं, फिरवून पाहिलं,
म्हणाले, भात खाता येतो?
येतो.
मग याला नाही हात लावायचा.
दुखरा खांदा तेवढा चोळून दिला.

कंस सापडला.
जुनी साठवण पुसली, पडदा काळा झाला,
नेमका तेव्हाच माझा नंबर.
वैद्यांनी मनगट हातात घेतलं
आणि विचारलं, घरी कोण कोण असतं?
मी "आई" म्हणेपर्यंत कट्ट.
डोळ्यांतलं पाणी पुसून बाहेर आले
तर कोपरा डावीकडे होता.
मला दिसला!
एक अक्षर येतं मला आता.

रात्री डाव्या हाताने आईला मेल लिहायला घेतली.
गावाचं नाव टाईप केलं: लशान.
ल उमटला दंडाचा,
श शेंडीफोड्या.
इतकी वर्षं उमटत असणार,
मी वाचत असणार, न अडखळता.
पाकळीचा ल, देठाचा श
बाईंनी पाटीवर हात धरून गिरवून घेतलेले,
ते कुठेतरी रांगेत मागे उभे असतील,
हाक कुणी मारलीच नाही.

श्वेझूला विचारलं, ती फाईल मला देशील?
तिचं उत्तर आलं:
देते, पण तुझ्या लिपीचं तू बघ,
मला त्यातलं डावं-उजवं कळणार नाही.
आणि खाली:
काका म्हणतात, तीन दिवस
उजव्या हाताने काही लिहू नकोस.